फवारणीतील विषबाधेचा गावपातळीवर अभ्यास कसा करावा?

प्रश्न: शेतकरी उत्पादक कंपनीची समन्वयक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत काम करते. सभासद बहुतेक कोरडवाहू शेतकरी आहेत आणि मुख्य पीक कापूस, त्यात तुरीचे आंतरपीक. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे येथील वाचकांना आठवत असेलच. त्यानंतर चौकशी झाली, पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळापुरती बंदी आली, हातमोजे व मास्क यांचे वाटपही झाले. पण दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की गावात कुणाचे ना कुणाचे डोके गरगरते, उलट्या होतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. माणूस एक दिवस घरी पडून राहतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो. याची नोंद कुठेही होत नाही.

आमच्या संचालक मंडळाने यंदा या विषयावर थोडा निधी बाजूला ठेवला आहे. नुसती जनजागृती सभा घ्यावी, असे आम्हाला वाटत नाही, कारण सभेत सांगितले जाणारे सगळे लोकांना आधीच ठाऊक असते आणि तरीही बनियन-लुंगीवर फवारणी चालू राहते. ती तशी का चालू राहते, विष अंगावर नेमके कोणत्या क्षणी व कुठे पडते, आणि कोणता बदल मजुराला खरोखर परवडेल व सोसेल, हे आम्हाला शोधून काढायचे आहे. आमच्याकडे कृषी पदविका घेतलेले काही तरुण आहेत, गावोगावच्या आशाताई सहकार्याला तयार आहेत. पण संशोधन कसे मांडायचे, काय मोजायचे आणि कशाच्या आधारे सुधारणा झाली असे म्हणायचे, याचा अनुभव नाही. रक्ततपासणी करावी का? कोणत्या महिन्यापासून सुरुवात करावी? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

ताई, नमस्कार. आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम रक्ततपासणीविषयी. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. नसांकडून स्नायूंकडे व ग्रंथींकडे जाणारा संदेश त्यामुळे थांबायचा तेव्हा थांबत नाही. परिणामी घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत घरघर लागते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. रक्तातील या विकराची पातळी मोजता येते, पण ती निरोगी माणसांतही इतकी कमी-जास्त असते की फवारणीच्या दिवसांत एकदाच घेतलेल्या आकड्यावरून फारसे काही सांगता येत नाही. प्रत्येक व्यक्तीची स्वतःची मूळ पातळी आधी माहीत असली पाहिजे, आणि ती किमान महिनाभर अशा औषधाशी संपर्क नसताना घेतली पाहिजे. आपल्याकडे याचा अर्थ मे महिना. पेरणीनंतर सुरुवात केली, तर त्या वर्षाची रक्ततपासणी जवळजवळ वाया गेली असे समजावे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून फवारणी कामगारांवर अशी देखरेख ठेवली जाते. तेथील नियम आपल्याला मोजपट्टी म्हणून वापरता येतील. पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली आली, की काम करण्याची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील पातळी ६० टक्क्यांवर उतरली, की त्या माणसाला फवारणीपासून दूर ठेवायचे आणि पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर आल्याखेरीज कामावर घ्यायचे नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन जागेवरच मोजणारी लहान यंत्रे मिळतात, मात्र त्यांच्यावर खोलीच्या तापमानाचा परिणाम होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या समाजमंदिरात घेतलेले आकडे आणि ऑगस्टमध्ये घेतलेले आकडे यांची तुलना करायची असेल, तर थंड खोलीची व्यवस्था करावीच लागेल.

ही तपासणी सगळी विषे पकडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड आणि डायफेन्थियुरॉन यांची शरीरातील कार्यपद्धती पूर्णपणे वेगळी आहे. त्यांनी माणूस आजारी पडला तरी कोलिनएस्टरेजचा आकडा जागचा हलणार नाही. ॲट्रोपिन हे सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत जीव वाचवणारे औषध आहे, पण या इतर औषधांवर ते उतारा नव्हे. म्हणूनच रुग्णासोबत डब्याचे लेबल येणे फार महत्त्वाचे असते. माझ्या सेवाकाळात नातेवाईक बहुधा 'कापसाचे औषध' एवढेच सांगत, आणि एकाच पंपात दोन कीटकनाशके, वरून एखादे टॉनिक असे मिश्रण असेल तर तेही सांगत नसत. आपल्या अभ्यासात आशाताईंनी प्रत्येक फवारणीच्या दिवशी पंपात काय काय टाकले याची लेबलच्या छायाचित्रासह नोंद ठेवली, तर नुसत्या त्या नोंदीचाही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना उपयोग होईल.

आणखी एक सूचना. रुग्णालयातील नोंदवहीवर विसंबून राहू नका. तेथे 'विषबाधा' या एकाच शब्दाखाली फवारणीतील अपघात आणि औषध प्राशन केल्याच्या घटना एकत्र येतात, आणि आपण वर्णन केलेला, एक दिवस घरी पडून राहणारा माणूस तर त्या वहीपर्यंत पोहोचतच नाही. आपल्या अभ्यासाचा खरा विषय तोच आहे. आशाताईंनी हंगामात दर आठवड्याला फवारणी करणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन डोकेदुखी, मळमळ, उलटी, अंधुक दिसणे, जास्त घाम, हातापायांची थरथर आणि त्वचेची आग ही ठरावीक लक्षणे विचारावीत. फवारणीनंतरच्या २४ तासांत ज्यांना दोन-तीन लक्षणे एकत्र जाणवली, त्यांची वेगळी मोजणी करावी. उष्माघातातही डोके दुखते व मळमळते, म्हणून ज्या दिवशी त्याच माणसाने निंदण किंवा डवरणी केली त्या दिवसाची लक्षणेही विचारावीत. म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच होईल.

उत्तर: कीटकशास्त्राचा अभ्यासक, अकोला

डॉक्टरसाहेबांनी सांगितले ते मोलाचे आहे. मात्र माझे मत असे, की विषबाधा कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फवारण्यांची संख्याच कमी करणे, आणि त्यामुळे आपल्या अभ्यासात हा भाग दुय्यम राहू नये.

२००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेले वाण आले आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, तेव्हा बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच घटल्या होत्या. पण बीटी वाणांचा मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर परिणाम होत नाही, आणि गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला गुजरातमध्ये २००९ च्या सुमारास व पुढे दोन्ही जनुकांना प्रतिकारक्षमता मिळवली. हंगाम लांबवून घेतलेली फरदड आणि जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) उन्हाळ्यापर्यंत पडून राहणारा कापूस यांवर ही अळी तगून राहते. २०१७ मध्ये रसशोषक किडी आणि बोंडअळी या दोन्हींचा जोर एकाच हंगामात होता. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, माणसाच्या डोक्याइतके उंच वाढलेले, हवा दमट, आणि बारीक तुषार जोराने उडवणारे पंप. अशा शेतात पंप उंच धरून चालणाऱ्याच्या तोंडावर व डोक्यावर औषध उतरणारच.

म्हणून आपल्या गावांत दोन गोष्टी शेजारी-शेजारी मोजाव्यात: फवारणी कोणत्या किडीसाठी केली, आणि त्या दिवशी त्या किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर, म्हणजे फवारणीचा खर्च भरून निघेल इतकी, होती का. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आले, किंवा तोडून पाहिलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी अथवा तिने केलेले नुकसान आढळले, तरच फवारणीचा विचार करावा. फुलोऱ्याच्या सुरुवातीला डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट करण्याचे काम गावाने एकाच आठवड्यात केले, तर पुढची पिढी बरीच कमी होते. ५ टक्के निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा परोपजीवी कीटकांची कार्डे आणि डिसेंबरअखेर पीक काढून टाकणे हे उपाय नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व आमचे कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. शिफारशी चांगल्या आहेत. मात्र एकट्या शेतकऱ्याने त्या पाळल्या, तर शेजारच्या शेतातून येणारे पतंग त्याचे कष्ट फुकट घालवतात. आपल्यासारख्या कंपनीकडे अख्ख्या शिवाराने एकत्र येण्याची ताकद आहे, आणि माझ्या मते अभ्यासातील सर्वांत मोलाचा प्रयोग हाच होईल: संपूर्ण शिवाराने एकत्र सापळे लावले, तर हंगामातील फवारण्या किती कमी होतात?

कृषी सेवा केंद्राच्या पक्क्या बिलांवरून प्रत्येक सभासदाची औषध खरेदी तपासता येईल. केंद्राने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या द्रव औषधावर बंदीचा आदेश काढला आहे. त्याचा जुना साठा कुणाच्या घरी पडून आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

उत्तर: महिला शेतकरी गटाची कार्यकर्ती, वर्धा जिल्हा

वरील दोन्ही उत्तरांत फवारणारा पुरुष आहे. फवारणीच्या दिवशी शेतात असलेल्या बाईकडे मी लक्ष वेधू इच्छिते.

विहिरीवरून किंवा नाल्यावरून पाणी आणून ड्रम भरते ती बाई. अनेक घरी औषध पाण्यात कालवण्याचे काम तीच करते, आणि त्या वेळी औषध अजून पातळ झालेले नसते, म्हणजे सर्वांत तीव्र असते. रात्री त्या कपड्यांचे धुणे तिच्याच हाती येते, बहुधा लेकरांच्या कपड्यांसोबतच. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत वेचणीला, निंदणाला किंवा गवत कापायला ती पिकाच्या त्याच ओळींत शिरते, ओली पाने अंगाला घासतात, आणि वेचलेला कापूस ओटीत, पोटाशी बांधलेला असतो. त्यांतल्या कित्येक जणी गरोदर असतात किंवा त्यांचे मूल अंगावर पिते. आपल्या यादीत 'फवारणी करणारे' एवढाच रकाना असेल, तर या सगळ्या जणी अभ्यासाच्या बाहेर राहतील.

दुसरे असे, की फवारणी करणारा स्वतः शेताचा मालक आहे, सालगडी आहे, की पंपामागे पैसे घेणारा मजूर आहे, हे वेगवेगळे नोंदवावे. मालक हंगामात काही मोजके दिवस फवारतो. पंपावर मजुरी करणारा मात्र आज या शेतात, उद्या त्या शेतात, असा रोज विषात असतो. किती औषध घालायचे हे त्याच्या हातात नसते आणि जितके पंप मारील तितके पैसे मिळत असल्यामुळे तो थांबत नाही. उत्पादक कंपनीचे सभासद बहुधा जमीनधारक असतात, म्हणून सभासदांची यादी घेऊन अभ्यास सुरू केला तर ज्याच्यावर सर्वांत जास्त विष पडते तोच सुटून जाईल. वस्तीवस्तीत जाऊन यादी नव्याने करा, आणि प्रश्नावली ठरवण्याच्या बैठकीत या मजुरांना व त्यांच्या घरच्या बायांना बसवा. कोणत्या वेळी विचारले तर खरे उत्तर मिळेल, हे त्यांनाच माहीत आहे. मालकाच्या समोर विचारले तर मिळणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे म्हणणे वाचून आमची यादी पुन्हा करण्याचे ठरवले आहे, आणि मूळ रक्ततपासणी मे महिन्यातच घ्यावी लागेल हेही स्पष्ट झाले.

आता एक अडचण मांडते. काही गावांत उपाय करायचे आणि काही गावे तुलनेसाठी तशीच ठेवायची, असे आम्हाला एका सल्लागाराने सुचवले आहे. पण ज्या गावात माणसे आजारी पडत आहेत हे आम्हाला दिसते, तेथे नुसत्या नोंदी घेत बसणे आमच्या कार्यकर्त्यांना पटत नाही. तसेच संरक्षक पोशाखाचे काय करावे? वाटलेले पोशाख घराच्या आढ्याला टांगलेले आम्ही पाहतो. दमट उन्हात तो प्लास्टिकचा सूट अर्धा तासही अंगावर ठेवता येत नाही, हे मजुरांचे म्हणणे खोटे नाही.

उत्तर: सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील संशोधक, पुणे

तुलनेच्या गावांविषयी आपल्या कार्यकर्त्यांची अस्वस्थता रास्त आहे, पण तुलना सोडून देऊ नये. तुलना नसेल, तर एखाद्या वर्षी पाऊस कमी पडून किडी कमी झाल्या आणि फवारण्या आपोआप घटल्या, तरी तो आपलाच परिणाम वाटेल. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत उपाय आणि ४७ गावांत तुलना अशी मांडणी होती, आणि उपाय सुरू करण्यापूर्वी आधीची स्थितीही मोजलेली होती. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष टिकला तो या मांडणीमुळे, आणि पुढे आशांमार्फत घरच्या घरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहण्यामागे त्या पुराव्याचे बळ होते. गावातील शिकलेल्या बायका आरोग्यदूत म्हणून काटेकोर नोंदी ठेवू शकतात, हेही त्याच कामाने सिद्ध केले.

आपल्यासाठी टप्प्याटप्प्याची मांडणी योग्य ठरेल. सर्व गावांत पहिल्या दिवसापासून नोंदी सुरू कराव्यात. उपाय मात्र गावांच्या चिठ्ठ्या टाकून, काही गावांत यंदा आणि उरलेल्यांत पुढच्या खरिपात सुरू करावेत. कोणतेही गाव वंचित राहत नाही, आणि यंदा थांबलेली गावे तुलनेला मिळतात. ज्याच्या बाबतीत प्रतीक्षा करणे चूक ठरेल, म्हणजे विषबाधेची लक्षणे ओळखणे, कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणे, लेबलसह तातडीने रुग्णालय गाठणे, ते सर्व गावांत लगेच शिकवावे. रक्त घेणार असाल तर मान्यताप्राप्त नैतिकता समितीची परवानगी आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी पाहावीत. ही परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून मे महिना गाठायचा असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनवैद्यक विभागाशी हिवाळ्यातच बोलणी करावीत.

पोशाखाचा प्रश्न मला या चर्चेत सर्वांत रंजक वाटतो, कारण येथे लोकांनी स्वतःच प्रयोग करण्यासारखी एक पद्धत उपलब्ध आहे. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांच्या दिव्याखाली चमकणारा रंग साध्या पाण्यात मिसळून, औषध अजिबात न घालता, मजुराने नेहमीच्या पद्धतीने पऱ्हाटीत फवारणी करायची. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली उभे राहिले, की अंगावर कुठे किती पडले ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते: मांड्यांचा पुढचा भाग, पंप गळत असेल तर पाठ व कंबर, नोझल तोंडाने फुंकून साफ केले असेल तर ओठ, आणि बिडी ओढली असेल तर बोटे. एक खबरदारी मात्र घ्यावी. धुण्याच्या पावडरीतही असेच चमक आणणारे द्रव्य असते, त्यामुळे धुतलेले कपडे आधीपासूनच चमकतात आणि निष्कर्ष फसतो. या प्रयोगासाठी कोरे, न धुतलेले सुती कापड वापरावे आणि फवारणीपूर्वीही एकदा दिव्याखाली पाहून छायाचित्र घ्यावे.

यातून पोशाखाची निवड बदलते. विष मुख्यतः त्वचेतून आत जाते, आणि हाताच्या त्वचेपेक्षा कपाळ, टाळू व जांघ यांची त्वचा ते कितीतरी पटीने अधिक शोषते. प्रयोगात मांड्या व कंबरच अधिक भिजलेल्या दिसल्या, तर संपूर्ण सूटऐवजी कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत येणारा, मागून मोकळा असा प्लास्टिकचा पडदा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, कडा असलेली टोपी आणि पाठीशी पंपाखाली एक जलरोधक पट्टी एवढ्यावर बरेच काम भागेल आणि अंगाला वाराही लागेल. नळी पुढे धरून फवारलेल्या ओल्या पानांत चालण्याऐवजी ती बाजूला धरून चालले तर किती फरक पडतो, सकाळी लवकर फवारल्याने किती पडतो, गळका वायसर बदलल्याने किती पडतो, हे एकेक करून त्याच दिव्याखाली पाहता येईल. दोन-तीन नमुने गावच्या शिंप्याकडून शिवून घ्या, मजुरांना पूर्ण दिवस घालायला द्या आणि तासागणिक कोणी काय काढून ठेवले याची नोंद करा. जो पोशाख दुपारी बारालाही अंगावर आहे, तोच पुढच्या वर्षी शिवायचा.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी

दिव्याचा हा प्रयोग औषध कालवणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या बायांसाठीही करावा, अशी पुस्ती जोडतो. वर्ध्याच्या ताईंनी सांगितले ते त्यातून डोळ्यांना दिसेल.

एक गोष्ट निधी ठरवण्यापूर्वी विचारात घ्या. हंगामाच्या मध्यावर एखाद्या मजुराची पातळी मूळच्या ७० टक्क्यांखाली आलेली आढळली, तर त्याला फवारणी थांबवण्यास सांगणे हे आपले कर्तव्य ठरते. आणि ऐन सप्टेंबरमध्ये, जेव्हा पंपाची मजुरी सर्वांत चांगली मिळते, तेव्हा तो काही आठवडे त्या मजुरीला मुकेल. तांबड्या पेशींतील विकर सावकाश भरून येते, चार दिवसांच्या विश्रांतीने भागत नाही. या काळात त्याला दुसरे काम किंवा बुडालेली मजुरी देण्याची तरतूद आपण केलेली नसेल, तर तो पुढच्या वेळी रक्त द्यायला येणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. तसेच कुणाचा आकडा किती आला हे मालकाला किंवा मुकादमाला कळता कामा नये. नाहीतर कमी आकडा असलेल्याला गावात कोणी कामावरच घेणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

डॉक्टरसाहेब, बुडालेल्या मजुरीचा मुद्दा आमच्या अंदाजपत्रकात नव्हता. कंपनीचे संकलन केंद्र व डाळ मिल सप्टेंबरातही चालू असते. तेथे प्रतवारीचे व बारदान मोजण्याचे काम अशा मजुरांना फवारणीच्या दराने देता येईल का, आणि दरातील फरक निधीतून भरता येईल का, हा प्रस्ताव पुढील संचालक मंडळाच्या बैठकीत मांडते. रक्ततपासणीची संख्या त्या हिशेबानेच ठरवू: जितक्यांची मजुरी भरून देता येईल, तितक्याच फवारणी मजुरांचे रक्त घेऊ, आणि बाकी सर्वांच्या लक्षणांची साप्ताहिक नोंद ठेवू. अकोल्याच्या सरांना एक विनंती आहे. शिवारातील सापळ्यांचा आराखडा करताना जवळच्या जिनिंगच्या आवारातही सापळे धरावेत असे वाटते. एका जिनिंगसाठी किती सापळे आणि कोणत्या महिन्यापासून लावावेत, ते कृपया कळवावे.